खोक्यावर १४०० लिटर, बादलीत ५०७: कॅनिस्टर फिल्टरच्या नावाखाली लागलेला १३,८५० रुपयांचा चुना

माशांच्या टाकीचा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीखालच्या कपाटात ठेवायचा पंपवाला बंद डबा, ८,९०० रुपये. ‘सिंटर्ड ग्लास’ (भाजून सच्छिद्र केलेली काच) म्हणून विकलेला तीन किलो मीडिया, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना राहायला डब्यात भरायचे तुकडे, २,१००. पाण्यातले जंतू आणि हिरवं शेवाळ मारायचा नऊ वॅटचा यूव्ही दिवा १,८५०. पार्सल ३५०. माल खराब निघाल्यावर ‘बदलून देतो सर, पिकअपचे तेवढे टाका’ म्हणून वर आणखी ६५०. एकूण १३,८५० रुपये, सगळे यूपीआयने गेलेले, आणि हातात एकही बिल नाही. गळतीने फुगलेल्या प्लायच्या कपाटाचे सुताराने घेतलेले ३,२०० यात धरलेलेच नाहीत.

विकणाऱ्याची पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे: कस्टममधून सुटलेला लॉट, तीनच पीस शिल्लक, अर्धे पैसे आत्ता, अर्धे पार्सल निघाल्यावर. त्यावर शब्द खर्च करत नाही. ‘एवढं स्वस्त बघून शंका कशी आली नाही?’ असं विचारणाऱ्यांना मात्र एक सांगायचंय. या छंदात निम्म्या भावात चांगला माल खरोखर मिळतो. कोणाची बदली होते, कोणी टाकी मोडतं, आणि चांगल्या कंपनीचा वर्षभर वापरलेला कॅनिस्टर निम्म्या किमतीत सहज हातात पडतो. त्यामुळे नुसत्या किमतीवरून चोर ओळखता येत नाही.

गणितही चुकलं नव्हतं. टाकी चार फूट बाय दीड बाय दीड. काठोकाठ भरली तर साधारण २५० लिटर. खडी, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी २१० च्या आसपास. तासाला चार-पाच वेळा पाणी फिरायला हवं, म्हणजे प्रत्यक्षात ८५० ते १००० लिटर. खोक्यावरचा लिटरचा आकडा रिकाम्या डब्याचा आणि शून्य उंचीचा असतो. मीडिया भरला, पाइप जोडले, त्या सगळ्यातून पाणी ढकलायला लागलं की चांगल्या फिल्टरचाही प्रवाह खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मा ते पाऊणपट उरतो. म्हणून १४०० चा शोधला. ज्याला हे गणित येतं तो १४०० च शोधणार, हे विकणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं.

आता ती जागा, जिचा राग अजून जात नाही.

विकणाऱ्याने चालू फिल्टरचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात पंप हेडच्या, म्हणजे डब्यावरच्या मोटरवाल्या झाकणाच्या, बाजूची प्लेट क्षणभर दिसते आणि लगेच त्याचा अंगठा तिच्यावर येतो. प्लेट म्हणजे तो छोटा चौकोन, ज्यावर व्होल्टेज, हर्ट्‌झ, वॅट, उंची आणि प्रवाह छापलेला किंवा कोरलेला असतो. मी त्या प्लेटचा फोटो मागितला. त्याने खोक्याच्या बाजूचा पाठवला. बस, इथेच व्यवहार थांबायला हवा होता! खोक्यावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, २८ वॅट, १४०० लिटर, सगळं कंपनीच्या कॅटलॉगशी आकडा न् आकडा जुळत होतं, आणि जुळलं म्हणून मी समाधान मानलं. जुळणारच ना, कॅटलॉगवरूनच छापलं होतं! प्लेट मागितल्यावर खोका दाखवणारा माणूस चोर असतो. याला अपवाद मला तरी ठाऊक नाही.

माल आल्यावर प्लेट पाहिली तर ती कागदी स्टिकर निघाली, ओल्या बोटाने कोपरा सुटला. त्यावर २२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची. अशा पंपातली मोटर विजेच्या हर्ट्‌झप्रमाणेच फिरते, म्हणजे ६० चा पंप ५० वर चालवला की वेग सरळ सहाव्या हिश्श्याने कमी, आणि वर गुंडाळी जास्त तापते. तेही स्टिकर खरं मानलं तर! वॅट मोजायचं प्लगमध्ये लावायचं मीटर हजाराच्या आत मिळतं. त्यावर पंपाने १३ वॅट दाखवले. एवढ्या क्षमतेचे चांगले कॅनिस्टर साधारण वीस ते पस्तीस वॅट खातात. तेरा वॅटमध्ये मीडियातून आणि पाइपांतून पाणी ढकलून वर १४०० लिटर देणारा पंप कोणाकडे असेल तर त्याने माशांच्या नादी लागू नये, शेतकऱ्यांना विकावा.

बादलीची चाचणी फुकट असते, प्रत्येकाने करावी. सगळा मीडिया भरायचा, बाहेर सोडणारा पाइप टाकीच्या काठाच्या उंचीवर धरायचा, १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघायचं आणि ३६,००० ला त्या सेकंदांनी भागायचं. उत्तर लिटर प्रति तास. माझी बादली ७१ सेकंदांत भरली. ५०७ लिटर.

आणि ते ५०७ लिटरसुद्धा मीडियातून जात नव्हते. कॅनिस्टरमध्ये ट्रे एकावर एक बसतात आणि त्यांच्यामध्ये रबराची किंवा सिलिकॉनची पट्टी असते, म्हणजे पाण्याला ट्रेमधूनच जावं लागतं. या डब्यात पट्ट्याच नव्हत्या. ट्रे आणि भिंत यांच्यात करंगळीचं टोक जाईल एवढी फट. पाणी नेहमी सोपी वाट धरतं, तसं ते फटीतून वर जात होतं आणि स्पंज बाहेर काढला तेव्हा जवळजवळ नव्यासारखा पांढरा होता. फिल्टर चालू असूनही स्पंज घाण होत नसेल तर ‘पाणी किती स्वच्छ’ म्हणून खूश होऊ नका, ट्रे काढून फट बघा.

मीडियाचं प्रकरण याहून वाईट, कारण पंप कमी पडला तर कळतं, मीडिया खोटा असेल तर मासे माना टाकेपर्यंत कळत नाही. खरा सिंटर्ड ग्लास किंवा चांगला सिरॅमिक मीडिया आतून सच्छिद्र असतो. कोरडा तुकडा पाण्यात टाकला की त्यातून बराच वेळ बारीक बुडबुडे येतात. वर थेंब सोडला तर तो लगेच शोषला जातो. मला मिळालेल्या पांढऱ्या चौकोनी तुकड्यांवर थेंब तसाच बसून राहिला. मग स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाकलं आणि तुकडा फसफसला. म्हणजे चुनखडी! रात्रभर आरओच्या पाण्यात ठेवलेल्या मूठभर तुकड्यांनी सकाळी पीएच आठच्या वर नेला होता.

यात काय बिघडतं? माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया येतो. तो दोन रूपांत असतो, त्यातलं एकच फार विषारी, आणि त्याचं प्रमाण पीएच आणि तापमानाबरोबर वाढतं. २८ अंशांवर पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला तोच साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे या मीडियात एकीकडे अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना राहायला जागा नाही, आणि दुसरीकडे उरलेला अमोनिया हाच मीडिया जास्त विषारी करतो. बोअरचं जड पाणी असणाऱ्यांचा पीएच मुळातच वर असतो. त्यांच्याकडे तर अमोनिया तपासायच्या किटमध्ये हलका हिरवा रंग आला तरी धावपळ करावी लागते.

मासे वाचले, कारण जुने दोन स्पंज फिल्टर काढलेच नव्हते. नवीन फिल्टर लावला म्हणून जुना त्याच दिवशी काढू नये, तो खरा असो की खोटा. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की मगच जुन्याला हात लावायचा. दुकानदार ‘बॅक्टेरियाची बाटली टाका, उद्या मासे सोडा’ म्हणतो तेव्हा त्याला उद्या मासेही विकायचे असतात हे ध्यानात ठेवा.

यूव्हीबद्दल थोडक्यात. नऊ वॅटचा खरा यूव्ही दिवा दोन नळ्यांचा, खाली पिन असलेला, क्वार्ट्झच्या नळीत बसवलेला असतो. त्याला चोक लागतो आणि साधारण ८,००० तासांनी, म्हणजे सतत चालवला तर अकरा महिन्यांनी, तो बदलावा लागतो. माझ्या ‘यूव्ही’त निळ्या एलईडीची पट्टी निघाली, साध्या काचेत. साधी काच जंतू मारणारे २५४ नॅनोमीटरचे किरण अडवते, त्यामुळे आत खरा दिवा असता तरी उपयोग शून्यच. खरा आहे की नाही हे बघायला दिव्याकडे डोळ्यांनी बघू नका, डोळ्यांना इजा होते. प्लग काढून, उघडून बघा. आणि मुळात हिरवं पाणी होत नसेल तर यूव्ही घेऊच नका. अमोनियाला तो काहीही करत नाही.

गळती ओ-रिंगमधून, म्हणजे झाकणाखालच्या रबरी कड्यातून, झाली. रिंगवर साच्याची उभी रेघ राहिली होती, तिथून रात्रभर ठिबकलं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावायचं. व्हॅसलीनने बरीच रबरं फुगतात आणि मग झाकण बसत नाही. पाणी आत घेणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली दोन इंचांवर तीन मिलिमीटरचं भोक पाडून ठेवा. खाली डबा गळला तर पातळी तिथपर्यंत उतरताच पाइपमध्ये हवा शिरते आणि सायफन तुटतो, नाहीतर पूर्ण टाकी फरशीवर येते. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली लोंबून मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरत नाही.

आता तक्रारीचं.

चौकीत पहिला प्रश्न: ‘माशांच्या टाकीचं मशीन? एवढ्याचं?’ मग बाजूच्याला हाक मारून त्यालाही ऐकवलं. मग ‘हा सिव्हिल मॅटर आहे, माल तर मिळालाय ना तुम्हाला.’ भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, खोटं सांगून पैसे उकळणं त्यात बसतं, आणि रकमेची खालची मर्यादा त्यात कुठे लिहिलेली नाही. हे सांगितल्यावर ‘तुम्ही वकील आहात का?’ अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र शिक्का सापडेना. बँकेने कळवलं की पिन तुम्हीच टाकलात, म्हणून व्यवहार अधिकृत. ज्या ॲपवर जाहिरात होती त्यांनी ‘आमच्या धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही’ असा दोन ओळींचा निरोप दिला, बहुधा कोणी माणसाने न वाचताच. आयात मालाच्या पॅकवर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी असणं वैधमापन (वजनमापे) खात्याच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, माझ्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं. त्या खात्याच्या कार्यालयात गेलो तर म्हणे दुकानाचा पत्ता आणा, तपासणी करू. पत्ता असता तर मी तुमच्या दारात कशाला उभा राहिलो असतो?

ग्राहक आयोगाचा कायदा कागदावर चांगला आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, वकीलही लागत नाही. पण नोटीस कोणाला पाठवायची? समोर फक्त एक बंद झालेला मोबाइल नंबर आणि एक यूपीआय आयडी. त्या आयडीमागचं नाव बँकेकडे आहे, बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात आयोगात जा, आणि आयोगाच्या खिडकीवर म्हणतात विरुद्ध पक्षाचा पूर्ण पत्ता लिहा. सगळे नियमानेच बोलतात. चोराला यातल्या एकाही खिडकीवर उभं राहावं लागत नाही.

म्हणून बिल. जीएसटी क्रमांक असलेलं बिल, नाहीतर पैसे नाहीत, मग समोरचा कितीही ‘दादा, आपण हॉबीवाले’ म्हणो. पैसे गेल्याचं कळताच तासाभरात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकली की अडवणं अवघड होतं. १२ अंकी व्यवहार क्रमांक, गप्पांचे स्क्रीनशॉट आणि जाहिरातीची लिंक आधी जपून ठेवा, नंतर शिव्या द्या, कारण शिव्या दिल्या की तो ब्लॉक करतो आणि ॲपवरची त्याची जाहिरात आपल्याला दिसेनाशी होते. रागाने फिल्टर भंगारात देऊ नका, तोच पुरावा आहे.

मुंबई-ठाण्याच्या लोकांनी कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जावं, इतरांनी आपल्या गावातल्या दुकानात, वॅट मीटर खिशात घालून. दोन फुटी टाकीला तर कॅनिस्टर लागतच नाही. एअर पंपावरचे दोन स्पंज फिल्टर भरपूर झाले, आणि वीज गेली की बॅटरीच्या एअर पंपावर तेच चालतात. कॅनिस्टर काही तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं. वीज आल्यावर ते पाणी आधी बाहेर ओतून मगच चालू करायचा.

तक्रार नोंदवून थोडे दिवस गेले आणि एक फोन आला. रिफंड विभागातून बोलतोय म्हणाला, १३,८५० चा आकडा त्याला पाठ होता, पंपाचं मॉडेलसुद्धा. प्रोसेसिंगचे ९९९ रुपये भरा, संध्याकाळपर्यंत पैसे खात्यात. मी म्हटलं, आधी प्लेटचा फोटो पाठव. ‘कसली प्लेट सर?’ म्हणून त्याने फोन ठेवला. हा आकडा मी फक्त तक्रारीच्या अर्जांत लिहिला होता.