कॉलेजच्या विज्ञानकथा मंडळाचं कॉमिक: पानांचं करायचं की स्क्रोलचं?

विज्ञानकथा वाचणारी पाच-सात डोकी एखाद्या कॉलेजात जमली, मग ते कॉलेज बेळगावातलं असो की खानापूर-निपाणीतलं, की थोड्याच दिवसांत कुणीतरी म्हणतंच, "आपल्यावरच कॉमिक काढूया की!" कल्पना चांगली आहे. पात्रं ओळखीची, भांडणं तयार, आणि "काळप्रवासात स्वतःच्या आजोबांना भेटलं तर काय" यावर तासभर वाद घालणारी माणसं गोष्टीसाठी बाहेरून आणावी लागत नाहीत. गाडी अडते ती पुढे. ऑनलाइन टाकायचं हे ठरलेलं असतं, पण चित्रं नेहमीच्या कॉमिकसारखी पानांवर मांडायची, की फोनवर अंगठ्याने सरकवत खाली जाणारी उभी लांब पट्टी करायची?

माझा कौल आधीच सांगतो: मंडळाच्या उचापतींवरचं कॉमिक असेल तर पान. मात्र स्क्रोलची बाजू दुबळी नाही, आणि काही जणांनी स्क्रोलच निवडावं असंही मला वाटतं.

उभ्या स्क्रोलची रीत रुळली ती कोरियात. दाउम आणि नेव्हर या तिथल्या संकेतस्थळांनी २००३-०४च्या सुमारास वेबटून, म्हणजे ऑनलाइन वाचायची कॉमिक्स, सुरू केले, आणि पुढे स्मार्टफोन आल्यावर हा प्रकार जगभर गेला. त्याच्याही आधी, २००० साली, स्कॉट मॅक्‌क्लाउड या अमेरिकी चित्रकथाकाराने पडद्यावरच्या कॉमिकला कागदाच्या कडा कशाला हव्यात, असा प्रश्न मांडला होता. स्क्रोलची खरी ताकद दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत आहे. जागा जितकी जास्त, तितका वेळ गेल्यासारखा वाटतो. वाचकाला पुढचं काही दिसत नाही, त्यामुळे धक्का देणं सोपं. पानावर मात्र डोळा चोरून शेवटच्या चौकटीकडे जातोच.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. गोकाकचा धबधबा साधारण ५२ मीटर कोसळतो. तुमच्या मंडळातला एकजण तिथल्या झुलत्या पुलावरून खाली बघतोय आणि पाणी उलटं, वर चढायला लागलंय, अशी गोष्ट असेल तर ती स्क्रोलवरच काढावी. वाचक खाली खाली जातोय आणि चित्रातलं पाणी वर येतंय, ही गंमत कागदावर येत नाही. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहा रॉटनच्या वटवाघळासाठी प्राणिशास्त्रात प्रसिद्ध आहेत. त्या गुहेत उतरण्याचा प्रसंगही स्क्रोलला साजेसा: काळोख, काळोख, अजून काळोख, आणि मग डोळे. (गोष्टीत खुशाल उतरा. प्रत्यक्षात तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवू नका.)

पण मंडळाच्या गोष्टीत असे प्रसंग किती? बहुतेक वेळ सगळे कँटीनच्या टेबलाभोवती बसलेले असतात. एकजण कृष्णविवराचा सिद्धांत मांडतोय, दुसरी त्याची वही ओढतेय, तिसऱ्याचं लक्ष भज्यांच्या बशीत, आणि कोपऱ्यातला चौथा "साक, साक" म्हणून कन्नडमध्ये सगळ्यांना गप्प करतोय. विनोद आहे तो हे सगळं एकाच वेळी घडण्यात. त्याला रुंदी लागते. वेबटून याच नावाच्या संकेतस्थळाच्या कॅनव्हास विभागात, म्हणजे कुणीही आपलं कॉमिक टाकू शकतो त्या जागी, चित्राची रुंदी ८०० पिक्सेलची. त्यात सात माणसं बसवली तर तोंडं हरभऱ्याएवढी होतात. मग एकेक चेहरा वेगळा काढावा लागतो, आणि ज्या वादात सगळे एकदम बोलत होते तिथे रांगेत उभं राहून बोलणं सुरू होतं. पानावर वरचा सबंध पट्टा एका रुंद चौकटीला देता येतो, खाली तीन लहान चौकटींत एकेकाची प्रतिक्रिया. वाचक हवं तिथे थांबतो, मागे जातो, भज्यांची बशी केव्हा रिकामी झाली ते शोधतो.

रुंदीचा दुसरा मुद्दा अक्षरांचा. विज्ञानकथेतली मराठी लांब शब्दांची. 'गुरुत्वाकर्षणामुळे' हा एक शब्दच संवादाच्या अरुंद फुग्याची सबंध ओळ खातो. त्यात वर वेलांट्या, खाली उकार, म्हणून दोन ओळींतलं अंतरही जरा सैल ठेवावं लागतं. अरुंद चौकटीत दोन वाक्यं घातली की चित्राला जागा उरत नाही.

पानावरचा मोठा आक्षेप खरा आहे: फोनवर पान वाचवत नाही, बोटांनी मोठं करून इकडेतिकडे सरकवावं लागतं. खानापूरहून सकाळच्या बसला लोंबकळत येणारा वाचक एवढं करणार नाही. त्यावर जुना, साधा उपाय आहे. प्रत्येक पान बरोबर मधोमध आडवं तुटेल असं आखायचं, मधल्या रेषेवरून एकही चौकट जाऊ द्यायची नाही. ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. त्याचे दोन आडवे तुकडे केले की फोन आडवा धरल्यावर एकेक तुकडा पडद्यावर नीट बसतो, आणि छापताना दोन्ही जोडले की पुन्हा पान तयार. या बंधनामुळे पूर्ण पानाचं एकच भव्य चित्र वारंवार काढता येत नाही. मला तो तोटा वाटत नाही. विद्यार्थ्यांच्या कॉमिकमध्ये भव्य चित्र बहुधा संवाद सुचले नाहीत की येतं.

छपाईचा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत. ८०० पिक्सेल रुंदीची पट्टी ३०० डीपीआयला छापली तर रुंदी भरते जेमतेम ६.८ सेंटिमीटर. म्हणजे वर्षभर स्क्रोल काढलं आणि गॅदरिंगला पुस्तिका काढायची ठरली, की सगळं नव्याने मांडा. स्क्रोलच करायचं असेल तर निदान मूळ चित्र २४०० पिक्सेल रुंद काढा आणि टाकताना लहान करा. पानांच्या कॉमिकला हा ताप नाही. ए-थ्रीचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडले की ए-फोर आकाराची सोळा पानांची पुस्तिका होते. काळं-पांढरं असेल तर झेरॉक्सच्या दुकानातही काम होतं. स्क्रोलकडून वाचक रंगाची अपेक्षा ठेवतो. व्यावसायिक मालिकांमागे रंगाला एक, पार्श्वभूमीला एक असे सहायक बसलेले असतात. तुमच्याकडे जर्नल पूर्ण न झालेला एकच चित्रकार आहे.

त्या चित्रकाराचंच बोलूया. पान की पट्टी यापेक्षाही मंडळाची कॉमिकं ज्याने बुडतात तो निर्णय वेगळा आहे: एकच लांब मालिका की सुट्या गोष्टी? पदवी तीन वर्षांची. पहिलं वर्ष हात बसण्यात जातं, दुसऱ्यात काम चांगलं होतं, तिसऱ्यात परीक्षा आणि पुढचे प्रवेश. मग तो पुण्याला किंवा बंगळूरला जातो आणि आकाशगंगेच्या मध्यावर निघालेलं यान तिथेच लटकतं. नवा चित्रकार दुसऱ्याच्या अर्धवट कथानकाला हात लावायला तयार नसतो, आणि लावला तरी वाचकाला नायिकेचा चेहराच बदललेला दिसतो. स्क्रोलचा ओढा लांब मालिकेकडे असतो, कारण दर भाग उत्सुकतेवर तोडायचा आणि वाचकाला पुढच्या आठवड्यात परत आणायचं, हेच त्याचं गणित. पान चार-सहा पानांत संपणाऱ्या गोष्टीला सोयीचं. मंडळ दरवर्षी बदलतं, तर कॉमिकनेही ते मान्य करावं. पात्रं अशी आखा की ती सावलीवरूनही ओळखू येतील: एकीची भलीमोठी सॅक, एकाचं कधीच न निघणारं हेल्मेट, एकाचे उभे केस. मग हात बदलला तरी पात्र टिकतं. काम दोन हातांत वाटायचं असेल तर हे पहिल्याच अंकात करावं लागतं.

प्रत्येक गोष्टीखाली लेखक-चित्रकारांची नावं घाला. टोपणनाव हवं असेल तर तेही चालेल, त्यात कमीपणा नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली होती आणि पहिला क्रमांक मिळवला होता. तुमचं कारण त्यांच्याइतकं थोर नसेल. बहुधा रसायनशास्त्राच्या सरांचं व्यंगचित्र काढलेलं असेल. ते मात्र काढू नका.

एका बाबतीत स्क्रोल सरळ सरस आहे, आणि आपल्या भागात ती बाब लहान नाही. मंडळात कन्नड बोलणारे मित्र असतातच, आज ना उद्या कन्नड आवृत्ती निघणार. स्क्रोलमध्ये फुगे चौकटींच्या बाहेर, मोकळ्या जागेत ठेवता येतात, त्यामुळे मजकूर लांबला-आखडला तरी चित्र बिघडत नाही. पानावर फुगा चित्रात घट्ट बसलेला असतो. म्हणून अक्षरं नेहमी वेगळ्या थरावर ठेवा आणि फुगे पाव हिस्सा मोठेच काढा. एक टाइप या कंपनीच्या 'बालू' या मोफत फॉन्टची देवनागरी आणि कन्नड ('बालू तम्मा') अशी दोन्ही रूपं आहेत, वळण एकाच घराण्याचं. दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवल्या तर सावत्र वाटत नाहीत. संवाद मात्र पुस्तकी मराठीत लिहू नका. "काय गा, परत येणार हाईस की तिथंच ऱ्हाणार?" असं विचारणारा परग्रहावर गेला तरी बेळगावचाच राहतो.

इन्स्टाग्रामचा विचार फार करायला नको. एका पोस्टमध्ये आता २० चित्रं जातात, पानाचे तुकडे तिथे टाकता येतात, ओळख वाढते. पण दोन वर्षांपूर्वीची पहिली गोष्ट तिथे शोधून वाचणं कठीण. मूळ संग्रह गिटहब पेजेससारख्या फुकट जागी स्वतःच्या साध्या साइटवर असू द्या, 'पहिल्यापासून वाचा' हे बटण ठळक ठेवा. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जाऊन अक्षरं पुसट होतात.

तर स्क्रोल कुणी करावं? ज्याच्याकडे दोन-तीन पात्रांची, भीतीची किंवा एकटेपणाची एकच मोठी गोष्ट आहे, जो ती स्वतः लिहितो आणि स्वतःच काढतो, आणि ज्याला छापील अंकाशी देणंघेणं नाही, त्याने. मंडळात असा एखादा असतोच. त्याला मंडळाच्या कॉमिकमधून मोकळं करा आणि त्याचं त्याला करू द्या.

तरीही एकमत होत नसेल तर कँटीनमधला एकच वाद पेन्सिलीने दोन्ही प्रकारे काढा आणि मंडळाबाहेरच्या कुणाला तरी फोनवर वाचायला द्या. आवडलं का, असं विचारू नका, भिडेखातर सगळेच हो म्हणतात. कोण कुणावर चिडलं होतं ते विचारा. आणि त्याच चाचणीत 'विज्ञान', 'दुसऱ्या' आणि 'प्रश्न' हे तीन शब्द फुग्यात घालून बघा. चित्रांच्या काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात. तसं झालं तर चित्र क्रिटात काढून अक्षरं इंकस्केपमध्ये बसवा, ही दोन्ही ॲप फुकट आहेत.