बॅरलमध्ये विजेरीचा झोत: आमच्या पेठेतील आरोग्य केंद्र आणि तेथील निरीक्षक

गेल्या तीन पावसाळ्यांत आमच्या पेठेतील नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राशी आणि तेथून घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य निरीक्षकांच्या पथकाशी माझा जो संबंध आला, त्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या दोन-चार कर्मचाऱ्यांच्या माथी मारण्याची माझी इच्छा नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, जेथे भिंतीच्या एका बाजूला यंत्रमागाचा खडखडाट आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर असते, तेथे हे केंद्र आहे, एवढे पुरे.

केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषानुसार साधारण ५०,००० लोकसंख्येमागे असे एक केंद्र असावे लागते. या आकड्याच्या मानाने एक वैद्यकीय अधिकारी, मोजक्या सिस्टर आणि औषधांची एक खिडकी यांनी जेवढे काम उरकावे, तेवढे येथे उरकले जाते. रांग लांब असते, पण पुढे सरकते. बाळांचे लसीकरण नीट होते, आशाताई पुढच्या डोसाची आठवण करून द्यायला घरी येतात, औषधे मोफत मिळतात. मला सांगायचे आहे ते केंद्राच्या भिंतींबाहेर चालणाऱ्या कामाविषयी. ते काम बहुतेकांना सेवा म्हणून दिसतच नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात शेजारच्या मुलीला ताप आला. खासगी डॉक्टरांनी डेंग्यूचा संशय व्यक्त केला आणि केंद्रात कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक, त्यांच्यासोबत दोन फवारणी कर्मचारी आणि आमच्या गल्लीच्या आशाताई असे चौघे हजर झाले. डेंग्यू पसरवणारा एडीस जातीचा डास जेथे जन्मतो तेथून सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे रुग्ण सापडला की त्याच्या घरापासून सुरुवात करून आजूबाजूची घरे तपासणे, हीच या कामाची रीत आहे. मुलीचा रक्तनमुना घेतला गेला. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, म्हणजे विषाणूच्या प्रथिनाची, आणि त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते, हे सिस्टरांनी मुलीच्या आईला न कंटाळता समजावून सांगितले. अहवाल मात्र हाती आला तेव्हा मुलगी शाळेत जाऊ लागली होती. हा उशीर प्रयोगशाळेतला की कागद हलवण्यातला, याचे उत्तर कोणाकडेच मिळाले नाही, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे.

घरांची तपासणी मात्र पाहण्यासारखी होती. निरीक्षक दारात उभे राहून 'पाणी साठवू नका' असे सांगून निघून गेले नाहीत. चपला बाहेर काढून ते मोरीपर्यंत गेले, प्रत्येक बॅरलचे झाकण उचलून विजेरीचा झोत आडवा टाकला आणि पाणी स्थिर होईपर्यंत थांबले. झोत पडला की अळ्या वळवळत तळाकडे जातात आणि हवेसाठी पुन्हा वर येतात. घाईने डोकावणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. शेजारच्या आजींशी ते तेलुगूत बोलले, समोरच्या घरात कन्नडमध्ये, आमच्याशी मराठीत. सोलापुरात याचे नवल वाटू नये. पण आजींनी 'माझ्या देवघरातल्या कलशात पाहू नका' असे बजावले, तेव्हा त्यांच्याच भाषेत हसत हसत तो कलश त्यांच्याच हाताने रिकामा करून घेणे, हे प्रशिक्षणाच्या पुस्तकात शिकवत असतील असे वाटत नाही.

आमच्या घरी मी निर्धास्त होतो. बॅरलवर झाकणे, टाकीला जाळी, फ्रिजमागचा ट्रे कोरडा. अळ्या सापडल्या त्या अंगणातल्या दगडी उखळात. आईच्या काळातले ते उखळ कोपऱ्यात पडून होते आणि पावसाने काठोकाठ भरले होते. त्याकडे भांडे म्हणून पाहण्याचे मला कधी सुचलेच नव्हते. ते उपडे करणे दोन माणसांच्या आवाक्याबाहेरचे. निरीक्षकांनी नोटीस दिली नाही, उपदेशही केला नाही. 'काका, यात वाळू आणि माती भरून तुळस लावा, म्हणजे प्रश्नच मिटेल,' एवढेच म्हणाले आणि दाराजवळच्या भिंतीवर खडूने तारीख आणि एक खूण केली. त्या खुणेचा अर्थ नंतर कळला: या घरात अळ्या सापडल्या. अशा घरांवरून पथक एक आकडा काढते. तपासलेल्या प्रत्येक शंभर घरांपैकी जितक्या घरांत अळ्या सापडतात तो गृहनिर्देशांक. म्हणजे शंभरपैकी दहा घरांत सापडल्या तर निर्देशांक १०. अशा आकड्यांवरून पुढच्या आठवड्यात पथक कोणत्या गल्लीत पाठवायचे ते ठरते. त्या दिवशीच्या हिशेबात आमचे घर दोषी घरांत गेले, हे येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे आहे.

या सेवेचा खरा कस लागतो तो पाण्याच्या प्रश्नाशी. शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरील उजनी धरणातून जलवाहिनीने आणि टाकळीजवळ भीमेतून उचललेले पाणी या शहराला पुरवले जाते. तरीही चार-पाच दिवसांआड नळ ही येथील घराघराची सवय झाली आहे. अशा गावात 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सर्व भांडी रिकामी करा' हा सरसकट सल्ला ऐकणाऱ्याला चेष्टा वाटतो. जे पाणी रात्री दोन वाजता उठून भरले, ते फेकायचे कसे? आमच्या निरीक्षकांनी हा सल्ला गावाच्या मापाने बेतला. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याकडून प्रत्येक गल्लीचा पाण्याचा दिवस त्यांनी लिहून घेतला आणि सांगितले की पाणी येणार त्या दिवशी सकाळी तळाशी उरलेले पाणी अंगण, मोरी, संडास धुण्यासाठी संपवा, बॅरल आतून काथ्याने घासा, उन्हात तासभर आडवे ठेवा आणि मग भरा.

या सांगण्यामागे शास्त्र आहे. एडीसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही; पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते, आणि ती अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात. नुसते पाणी ओतून दिले आणि कडा घासली नाही, तर पुढच्या भरणीला तीच अंडी भिजून फुटतात. अंड्यापासून उडणारा डास होईपर्यंत आपल्याकडच्या उष्ण हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याबरोबर बॅरल खरोखर रिकामे होऊन घासले गेले, तर डासाला मोठे होण्याइतका वेळच मिळत नाही. घोटाळा होतो तो असा की आपण बॅरल रिकामे करत नाही, अर्ध्यावर आलेल्या पाण्यात नवे पाणी ओततो. तळातले पाणी महिनाभर तसेच राहते. पाणीटंचाईने लावलेली ही सवय आहे, आणि ती मोडणे हे धुराच्या यंत्रापेक्षा पुष्कळ अवघड काम आहे.

धुराचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दलही. आमच्या गल्लीतील बहुतेकांच्या मते आरोग्य खाते काम करते की नाही हे धुरळणीची गाडी आली की नाही यावरून ठरते. गाडी आली, घराघरात धूर शिरला, पोरे मागे धावली, की लोकांना हायसे वाटते. निरीक्षकांनी गाडी आणायला आढेवेढे घेतले तेव्हा काही मंडळींनी त्यांना बरेच सुनावले, आणि त्यात मीही होतो. त्यांचे म्हणणे असे की धुराने उडणारे डास तेवढ्यापुरते मरतात, पाण्यातल्या अळीला काहीच होत नाही. शिवाय एडीस दिवसा चावतो आणि घरात पलंगाखाली, लटकवलेल्या कपड्यांच्या आड विसावतो, तेथे रस्त्यावरचा धूर पुरेसा पोहोचत नाही. रुग्ण सापडलेल्या परिसरात धुरळणीचा उपयोग आहे आणि तेथे त्यांनी ती केलीही. पण मागणीनुसार गल्लोगल्ली धूर सोडत फिरण्याला त्यांचा विरोध होता. हे सर्व ऐकूनही शेवटी गाडी आलीच. कोणी कोणाला दूरध्वनी केला असावा, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

मागांच्या कारखान्यांतील आणि रंगणीतील हौद हा या पेठांचा वेगळा प्रश्न. तेथे पाणी दिवसेंदिवस साठलेले असते आणि ते ओतून देणे परवडत नाही. वापरात नसलेल्या, स्वच्छ पाण्याच्या हौदात पथक गप्पी मासे सोडते. केंद्राच्या मागच्या टाकीत ते पाळलेले आहेत आणि मागितले की पिशवीतून मिळतात. रंग किंवा साबण मिसळलेल्या पाण्यात मासे तगत नाहीत, तेथे टेमिफॉस हे अळीनाशक टाकतात, लोक त्याला अबेट म्हणतात. त्याचे प्रमाण एक लिटर पाण्याला एक मिलिग्रॅम इतके कमी असते. तरीही पिण्याच्या पाण्यात ते टाकू देण्यास बायका तयार होत नाहीत, आणि त्यांची धास्ती पथकाने हसण्यावारी नेली नाही. पिण्याचे भांडे वेगळे ठेवून त्याला फडके बांधायला सांगितले आणि औषध वापरण्याच्या पाण्यातच टाकले. बांधकामांबाबत मात्र त्यांनी मवाळपणा दाखवला नाही. आमच्या मागच्या रस्त्यावरील एका इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचले होते; तेथे आधी नोटीस आणि आठ दिवसांनी दंड, दोन्ही झाले.

पाणी आले की निरीक्षक गल्लीच्या शेवटच्या नळाचे पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ओटी (ऑर्थोटोलिडिन) या रसायनाचे थेंब टाकतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे; ते किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावे लागते. रंगच आला नाही तर प्रश्न आहे. नळ चार दिवस कोरडा राहिला की रिकाम्या वाहिनीत गळतीच्या जागेतून गटाराचे पाणी शोषले जाऊ शकते, म्हणून पहिली दहा मिनिटे पाणी भरू नका असे ते सांगतात. ही तपासणी दर वेळी होत नाही, आणि व्हायला हवी.

आता दुसरी तक्रार. केंद्रात नेमके कोणते काम होते याचा फलक कोठेही नाही. एका खाणावळीतील शिळ्या अन्नाची तक्रार घेऊन मी तेथे गेलो, अर्धा तास बसलो, आणि मग कळले की अन्नाच्या दर्जाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे करायची असते. निरीक्षक खाणावळीबाहेर टाकलेला कचरा आणि सांडपाणी पाहू शकतात, अन्नाचा नमुना घेणे त्यांचे काम नाही. माझ्या आधी खिडकीशी उभ्या असलेल्या तरुणाला जन्माची नोंद करायची होती आणि २१ दिवसांची मुदत संपत आली होती. त्यालाही दुसरीकडे पाठवण्यात आले. दाराशी चार ओळी लिहिल्या असत्या तर दोघांचाही दिवस वाचला असता.

तिसरी तक्रार गटाराची. तुंबलेल्या गटाराविषयी मी नोंदवलेली तक्रार 'निकाली काढण्यात आली' असा संदेश माझ्या मोबाइलवर आला, तेव्हा मी त्याच गटारावर ठेवलेल्या फरशीवरून उडी मारून घरात शिरत होतो. निरीक्षकांनी दुसऱ्या दिवशी स्वतः मुकादमाला उभे करून गाळ काढून घेतला. परंतु व्यवस्थेने खोटा निरोप पाठवायचा आणि माणसाने तो खरा करायचा, याला सेवा म्हणणे जड जाते.

निरीक्षकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वच्छता निरीक्षकाचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण करून आलेल्या या माणसाकडे सकाळी झाडूवाल्यांची हजेरी, मग घंटागाडीच्या फेऱ्या, मग प्लास्टिकच्या पिशव्यांवरील कारवाई आणि उरल्या वेळात डासांचे सर्वेक्षण अशी कामे असतात. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरली की पथकातील निम्मी माणसे होम मैदानाकडे जातात आणि आमच्याकडील फेऱ्या तेवढे दिवस बंद पडतात. यात्रेला माणसे लागतात हे खरे. बदली माणसे का देता येत नाहीत, हे कळत नाही.

गुण द्यायचे तर घरोघरच्या तपासणीला मी पाचपैकी साडेचार देईन, बाह्यरुग्ण विभागाला साडेतीन आणि तक्रार निवारणाला दीड. जवळपास कोणाला डेंग्यूचा ताप आला असेल तर खासगी डॉक्टरांच्या भरवशावर न राहता आपण स्वतः केंद्रात कळवावे. सकाळी दहाच्या आत गेल्यास निरीक्षक भेटतात, नंतर ते फिरतीवर असतात.

उखळात तुळस लावली आहे. गेल्या आठवड्यात ते पुन्हा आले, बॅरल पाहिली आणि जाता जाता उखळाशी वाकून माती बोटाने दाबून पाहिली. काठाशी माती खचून बोटभर खळगा झाला होता, आणि त्यात पाणी होते.