दुखऱ्या गुडघ्यासाठी क्लिफ्टन की निम्बस?

गेल्या रविवारी वडोदऱ्याच्या कमाटीबागेत बँडस्टँडजवळ आमच्या वहिनी पळायचे शूज काढून गुडघा चोळत बसल्या होत्या. शूज नवेकोरे, महिनाही झालेला नाही, आणि उजव्या गुडघ्याची वाटी तशीच ठणकतेय. दुकानदाराने फोममध्ये अंगठा रुतवून दाखवला, ‘गादी जेवा छे’, म्हणजे गादीसारखे आहेत म्हणाला, आणि वहिनींनी घेऊन टाकले. आता त्या मला विचारत होत्या, होकाचे क्लिफ्टन ९ घेऊ की एसिक्सचे निम्बस २६? मी दोन्ही वापरतो, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय.

अंगठा दाबून फोम मऊ आहे एवढंच कळतं. गुडघ्यावर किती भार येणार ते ठरवण्यात वाटा असतो ड्रॉपचा, म्हणजे टाचेखालची उंची चवड्याखालच्या उंचीपेक्षा किती जास्त आहे त्याचा. टाच उंच असली की आपण बहुधा टाचेवर आपटतो आणि वाटीच्या मागे दाब वाढतो. ड्रॉप कमी केला की त्यातलं बरंचसं काम घोट्याकडे आणि पोटरीकडे जातं. गुडघ्याला मिळालेला हा आराम पोटरीच्या जिवावर असतो, हे विसरू नका.

आता आकडे. क्लिफ्टन ९ चा ड्रॉप ५ मिलिमीटर आणि पुरुषांच्या मधल्या मापात वजन २४८ ग्रॅम. निम्बस २६ चा ड्रॉप ८ मिलिमीटर, वजन ३०० ग्रॅमच्या थोडं वर. मी दोन्हींचा एकेक शू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तेव्हाही पन्नासेक ग्रॅमचाच फरक आला. हातात घेतल्यावर तो किरकोळ वाटतो. पण ५ किलोमीटर पळताना एकेक पाय अडीच-तीन हजार वेळा उचलावा लागतो, आणि शेवटच्या किलोमीटरला मांडीला ते जाणवतं. तिसरं नाव हमखास निघतं ते ब्रूक्स घोस्ट १६ चं. २६९ ग्रॅम, चांगले शूज आहेत, पण ड्रॉप १२ मिलिमीटर. टाचेची शीर दुखत असेल तर जरूर घ्या. वाटी दुखणाऱ्याला मी सुचवणार नाही.

मग कोणी काय घ्यावं? जिना उतरताना, किंवा मांडी घालून जेवून उठताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल आणि पोटऱ्या धडधाकट असतील, तर माझं मत सरळ क्लिफ्टन ९. पोटरी आखडत असेल, सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा पावलं टाच धरत असेल, तर निम्बस. माझं वजन ८४ किलो आणि पोटऱ्या कायम ताठ, त्यामुळे रविवारी लांब पळायला मी निम्बसच घालतो. त्यांचा तळ रुंद आहे, सुरसागर तलावाच्या कडेने पेव्हर ब्लॉकवर पाय पडला तरी घोटा डगमगत नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. क्लिफ्टन १० मध्ये ड्रॉप ८ मिलिमीटर झालाय आणि वजनही वाढून २७८ ग्रॅमवर गेलंय. नाव तेच, शूज वेगळे. ‘क्लिफ्टन द्या’ एवढंच सांगितलं तर हातात भलताच जोड पडेल.

जाड फोमवर सगळी भिस्त ठेवू नका असं मी का म्हणतो? २०१८ साली फिनलंडच्या संशोधकांनी होकाचे जाड तळाचे एक मॉडेल आणि साधे ब्रूक्स घालून लोकांना पळवलं. वेग वाढला तेव्हा जाड तळाच्या शूजमध्येच आदळ जास्त भरली, कारण मऊ तळ मिळाला की पाय जास्त ताठ राहतो. उलट २०२० साली लक्झेंबर्गमध्ये आठशेहून जास्त धावपटूंवर प्रयोग झाला, त्यात कडक तळाचे शूज घालणाऱ्यांना दुखापती जास्त झाल्या. म्हणजे मऊपणा हवाच, पण पावलं लांब टाकत धाडधाड पळालात तर तो पुरा पडत नाही. पावलं आखूड आणि थोडी जलद टाका, मिनिटाला पाच ते दहा टक्के जास्त. गुडघ्यावरचा भार त्यानेही उतरतो, आणि खर्च शून्य.

शूज संध्याकाळी बघायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळायचे मोजे बरोबर न्या. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. आणि दुकानाला जिना असेल तर शूज घालून चार वेळा उतरून बघा. वाटीचं दुखणं सपाट फरशीवर बोलत नाही, जिन्यावर बोलतं. घेतल्यावर स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, वडोदऱ्याच्या मे महिन्यात ती भट्टीसारखी तापते आणि फोमची वाट लागते. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर फोमचा जीव जातो, वरून शूज कितीही छान दिसोत.

गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर शूजचे पैसे आधी हाडांच्या डॉक्टरांकडे खर्च करा.

वहिनींना पोटरीचा काही त्रास नाही. शनिवारी संध्याकाळी त्या भाच्याला घेऊन गेल्या, दुकानाचा जिना सहा वेळा उतरल्या आणि ९ घेऊन आल्या. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, दोन किलोमीटरच पळायचं असं ठरलंय. काल पोटरी थोडी भरून आली होती म्हणाल्या. वाटीचं विचारलं तर, पायरी उतरताना आज आठवण झाली नाही, म्हणाल्या.