जुनं ग्राफिक्स कार्ड नव्या बोर्डावर चालत नसेल तर नागपूरच्या सीताबर्डीतल्या या दुकानात जा

दुकान छोटंसंच आहे पण पाच स्टार द्यायलाच पाहिजेत. माझं जीटीएक्स ६६०, म्हणजे २०१२ चं मॉडेल, नव्या बी६६० मदरबोर्डावर लावलं तर पंखे फिरायचे पण स्क्रीन काळीच, आणि दुसऱ्या एका दुकानात तर न तपासताच कार्ड गेलं, नवीन घ्या म्हणून मोकळे झाले. इथल्या भाऊंनी आधी ते जुन्या बोर्डावर लावून पाहिलं, डिस्प्ले लगेच आला, कार्ड एकदम ठणठणीत!

मग नीट समजावलं की स्लॉटचा काही प्रश्न नाही, पीसीआय एक्सप्रेसमध्ये जुनं नवं एकमेकांत चालतं, खरी भानगड कार्डाच्या बायोसची, म्हणजे कार्ड सुरू करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची, त्या काळच्या बऱ्याच कार्डांत यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू व्हायची नवी पद्धत) सपोर्टच नसतो आणि नव्या बोर्डांवर सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी सोय) बहुतेक बंदच असतं. काही बोर्डांवर सीएसएम चालू करून भागतं पण मग सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारं संरक्षण) सोडावं लागतं. म्हणून त्यांनी जुन्या बायोसचा बॅकअप घेऊन कार्डाच्या कंपनीचाच यूईएफआयवाला बायोस टाकून दिला, माझ्यासमोर, घाई न करता.

आणि आवडलं ते हे की खोटी आशा दाखवली नाही, माझ्या कार्डासारख्या केप्लर पिढीच्या कार्डांना गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठी कंपनी देते ते सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२१ पासून बंद आहेत हे स्वतःहून सांगितलं, नव्या गेमसाठी त्यावर पैसे लावू नका म्हणाले. पॉवर सप्लायची ६ पिनची वायरसुद्धा तपासली. संध्याकाळी गर्दी असते, सकाळी जा.