घोरण्यासाठी ईएनटी की छातीचा डॉक्टर? दोन्हीकडे जाऊन आल्यावर

मी रात्री मशीन लावून झोपतो हे ऑफिसात सगळ्यांना कळलंय, त्यामुळे घोरण्यासाठी नेमकं कुणाकडे जायचं हे मला गेल्या वर्षभरात बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास वरचेवर अडकणं, २०२२ मध्ये त्याने बप्पी लाहिरी गेले तेव्हा सगळ्यांनी ऐकलंय. पुण्या-मुंबईत झोपेचे वेगळे स्पेशालिस्ट मिळतात, पण आमच्या सांगली-मिरजेकडे पाटी बहुतेक दोनच प्रकारची दिसते, ‘कान नाक घसा’ नाहीतर ‘छाती व क्षयरोग तज्ज्ञ’. मिरज म्हणजे मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉक्टर वॉनलेस साहेबांच्या काळापासून दवाखान्यांचं गाव, डॉक्टरांना तोटा नाही, पण कुठला जिना चढायचा तेच कळत नाही.

मी आधी ईएनटीचा चढलो. घोरणं नाकातून येतं, मग नाकाचा डॉक्टर, एवढं साधं गणित. आणि खरं सांगतो, तो अनुभव वाईट नव्हता. अपॉइंटमेंट वेळेत, दुर्बीण नाकात घालून स्क्रीनवर मलाच माझं नाक दाखवलं, पडदा थोडा वाकडाय पण तेवढ्यासाठी ऑपरेशन नको असं स्वतःहून सांगितलं. (मला वाटलेलं लगेच कापायला काढतील, तसं काही नाही.) ॲलर्जीचा स्प्रे दिला, त्याने नाक मोकळं झालं, घोरण्याचा आवाज बदलला पण घोरणं राहिलंच. मग घरी करायची स्लीप टेस्ट. एक माणूस संध्याकाळी येऊन छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला क्लिप लावून गेला. रिपोर्टात एएचआय २२ आला, म्हणजे तासाला २२ वेळा श्वास बंद किंवा अर्धवट. ५ च्या खाली नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यावर गंभीर. मी मध्यम. सीपॅप घ्या म्हणाले, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, आणि मशीनवाल्याचा नंबर दिला. मशीन आलं, पैसे गेले, पॉलिसीवाल्यांनी एक रुपया दिला नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं सांगतो, कारण माझा निर्णय तिथेच झाला.

मला मिशी आहे. चांगली भरदार, वडलांची आठवण म्हणा हवं तर. नाकावरचा मास्क नेमका मिशीवर टेकायचा आणि तिथून हवा सुटायची. झोपताना काही नाही, पण पहाटे तीनच्या सुमारास प्रेशर वाढलं की मास्कच्या कडेतून फुर्रर्र आणि ती हवा थेट डाव्या डोळ्यात. डोळा कोरडा, लाल, सकाळी ऑफिसात लोक विचारायचे काय रात्री जागरण का. बायको म्हणाली आधी निदान माणूस घोरत होता, आता पंक्चरच्या दुकानात झोपल्यासारखं वाटतंय. पट्टा आवळला तर नाकावर वळ, सैल केला तर हवा. दवाखान्यात फोन केला तर रिसेप्शनवरून उत्तर, मशीनचं मशीनवाल्याला विचारा. मशीनवाल्याला विचारलं तर तो म्हणे सर मिशी काढा. पुन्हा दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी नाक तपासलं, नाक छान आहे म्हणाले. नाक छानच होतं हो! दोन महिने हे चाललं आणि मग मशीन कपाटावर गेलं, सुटकेसच्या शेजारी.

चार महिने ते तिथेच होतं. मग एकदा जयसिंगपूरहून येताना अंकलीच्या पुलावर स्टिअरिंगवर डुलकी लागली, क्षणभरच, पण शेजारी बायको होती आणि मागे पोरगा. दुसऱ्या दिवशी तिनेच छातीच्या डॉक्टरांचा नंबर लावला.

आता छातीच्या डॉक्टरांची कटकटही सांगतो नाहीतर एकतर्फी होईल. नंबर अकराचा, आत गेलो सव्वाला. बाकडी भरलेली, सगळे खोकणारे, भिंतीवर टीबीचे पोस्टर, आणि आपण घोरण्यासाठी आलोय हे सांगायला लाज वाटते अशी परिस्थिती. मी तर बाकड्यावर असेपर्यंत तोंडावरचा साधा मास्क काढलाच नाही. आत बोलावण्याआधी फुंकायची टेस्ट, नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि ती मुलगी ओरडतेय फुंका फुंका फुंका अजून अजून अजून सोडू नका, डोळ्यापुढे काजवे. मला दमा नाही मग हे कशाला असं वाटलं, पण फुप्फुसाचा जुना आजार आणि झोपेतलं अडकणं दोन्ही एकत्र असलं तर रात्री ऑक्सिजन जास्त खाली जातो आणि उपचारही बदलू शकतो, म्हणून ते आधी बघून घेतात. माझं ठीक निघालं.

मग आठ प्रश्नांचा एक कागद दिला, वाचताना झोप येते का, टीव्ही बघताना, ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली की, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, दहाच्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात. मी स्वतःला सहा दिले. बायकोने कागद ओढून घेतला आणि पंधरा केले. डॉक्टरांनी तिचेच धरले.

पण मला पटलं ते पुढचं. माझा जुना रिपोर्ट उलगडून त्यांनी विचारलं, त्या रात्री झोप किती लागली होती? मी म्हटलं वायरी होत्या अंगावर, अडीच तास तरी नुसता पंखा बघत होतो. त्यांनी मागच्या बाजूला पेनाने गणित मांडलं. यंत्राने श्वास अडकल्याच्या वेळा मोजल्या १५४ आणि भागल्या सात तासांनी, आले २२. पण घरच्या टेस्टमध्ये डोक्याला वायरी नसतात, त्यामुळे माणूस जागा आहे की झोपलाय ते यंत्राला कळत नाही, जागे तासही भागाकारात जातात. १५४ भागिले साडेचार, चौतीसच्या आसपास. म्हणजे मी मध्यम नव्हतोच बहुतेक. अंदाजच आहे म्हणाले, नक्की आकडा हवा असेल तर हॉस्पिटलात रात्रभर झोपून टेस्ट करा, पण मशीन आहेच तर आधी ते नीट चालवू.

आणि मग विचारलं, मशीनचं कार्ड आणलंय का? मला माहीतच नव्हतं की त्यात कार्ड असतं. बाजूच्या खाचेत नखाएवढं कार्ड. दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं, त्यांनी कॉम्प्युटरला लावलं, आणि स्क्रीनवर माझी एकेक रात्र. पहाटे तीनला लीकची रेघ सरळ वर. मी म्हटलं हीच ती डोळ्यातली हवा! त्यांनी मास्क बदलला, नाकपुड्यांना खालून टेकणारा छोटा पिलोवाला दिला, तो मिशीला जवळजवळ लागतच नाही, आणि मशीनचं वरचं प्रेशर थोडं उतरवलं. मिशीबद्दल एक अक्षर काढलं नाही. तेव्हापासून सकाळी मशीनवर एएचआयचा आकडा दोन नाहीतर तीन दिसतो आणि दुपारच्या मिटिंगमध्ये मी जागा असतो, जे काही वेळा नको वाटतं.

आता तुम्ही कुठे जावं? लहान मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर ईएनटीच आधी, तिथे बहुतेक टॉन्सिल नाहीतर ॲडिनॉइडचा, म्हणजे नाकामागच्या गाठीचा मामला असतो. अंगाने सडपातळ आहात, एक नाकपुडी कायम बंद, तरीही ईएनटी. मशीन अजिबात सहन होत नाही आणि ऑपरेशनचा विचार आहे, तर औषधाने झोपवून दुर्बिणीने घसा नेमका कुठे मिटतो ते बघायची तपासणीही तेच करतात. पण पोट सुटलंय, बीपीची गोळी चालू आहे, शर्टाची कॉलर सोळा इंचांच्या पुढे गेलीय आणि जेवण झालं की मान पडते, अशांनी माझ्या मते सरळ छातीच्या डॉक्टरकडे जावं, दोन तास बाकड्यावर बसायची तयारी ठेवून. माझा एकट्याचा अनुभव आहे हा, मशीनचा डेटा बघणारे ईएनटीही असतील, आणि कार्डाला हात न लावणारे छातीवालेही. म्हणून नंबर लावतानाच फोनवर विचारा की डॉक्टर मशीनचं कार्ड बघतात का. पलीकडून ‘कसलं कार्ड?’ असं आलं तर दुसरीकडे बघा.

ईएनटीचा स्प्रे मी अजून मारतो बरं का, नाक मोकळं असलं की पिलो बरा बसतो. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, येताना कार्ड आणि बायको दोन्ही घेऊन या असं सांगितलंय.