पाळायला ‘शार्क’ की गिनीपिग?

नाशिकच्या फ्लॅटमध्ये मुलांसाठी काही पाळायचंय आणि गाडी या दोघांपाशी अडली असेल, तर आधी एक गोष्ट: दुकानात दोन-तीन इंचांचा चंदेरी ‘शार्क’ मिळतो तो शार्क नाहीच. तो मेकाँग नदीतला पंगस, मागूरच्या नात्यातला बिनखवल्यांचा मासा. गिनीपिग मात्र अस्सल कुरतडणारा प्राणी.

जागेत पंगस सपशेल हरतो. तो मीटरभर वाढतो, वर थव्यात राहणारा. अंधारात अचानक दिवा लावला की बिथरून काचेवर आपटतो, नाक सोलवटतं. गिनीपिगच्या जोडीला दहा चौरस फूट पुरतात. एकटा ठेवू नये, आणि नर-मादी तर नकोच.

हवामानाचं दोघांचं उलटं. जानेवारीत इथला पारा १० अंशांखाली जातो, म्हणून टाकीला लिटरमागे एक वॅट या हिशेबाने हीटर. पाणी २२ ते २६ अंश. गिनीपिग थंडी निभावतो, मे महिन्यातली दुपार नाही. ३० अंशांपुढे उष्माघाताची भीती, त्यामुळे उन्हाच्या गॅलरीत पिंजरा नकोच.

माशाचं काम आठवड्याचं: पाव पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवूनच. गिनीपिगचं रोजचं: सुकं गवत कायम समोर, शिवाय सिमला मिरचीचा तुकडा. क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही. कमी पडलं की सांधे सुजतात, लंगडायला लागतो.

घरात गार खोली आणि रोज अर्धा तास असेल तर गिनीपिग घ्या. नुसतं बघायला काही हवं असेल तर पंगस सोडून गप्पी बघा. आधीच घेतलेला पंगस टाकीत मावेनासा झाला, तरी गोदावरीत सोडू नका.