नामचे बाजारातलं लॉज आणि खालचं लोकरीचं दुकान

एव्हरेस्ट बेस कॅम्पला चालत जाणारे बहुतेक जण नेपाळमधल्या नामचे बाजार या गावात, ३४४० मीटरवर, शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून एक रात्र जास्तीची काढतात, तर आम्ही राहिलो ते लॉज मस्तच आहे, खोल्या साध्या पण गाद्या जाड, दाल-भात गरमागरम आणि परत परत वाढतात, शिवाय मालकीण दीदी जेवताना स्वतः येऊन, उंचीचा त्रास तर होत नाही ना म्हणून, डोकं दुखतंय का विचारतात, हे मला फार आवडलं.

पण वायफायचा पासवर्ड भिंतीवरच लिहिलेला, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच नेटवर्कवर, आणि कोपऱ्यातल्या सगळ्यांसाठीच्या कॉम्प्युटरवर कुणाचं तरी मेल उघडंच राहिलेलं! तिथे बँकेचं काही करू नका प्लीज. रोमिंग नसेल तर एसएमएसचा ओटीपी येत नाही, म्हणून मेलला ऑथेंटिकेटर अ‍ॅप, म्हणजे लॉगिनचा कोड फोनवरच तयार करणारं अ‍ॅप, घरूनच लावून जा (कोड नेटशिवाय पण दिसतो) आणि फोन हरवला तर लागणारे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा.

खालचं दुकान मात्र सोडू नका. ताई तिथेच बसून टोप्या विणतात, आणि लोकर कुठली, अ‍ॅक्रिलिक कुठलं हे आपणहून धागा जाळून दाखवतात, लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो नि राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक गोळी होते. इतका प्रामाणिकपणा बघून घासाघीस करावीशीच वाटली नाही. शनिवारी बाजार भरतो तेव्हा गर्दी असते, त्यामुळे आदल्या दिवशी जा, मापाची कानटोपी विणून देतात.